मतदानाला फोटो ओळखपत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक लागली की ओळखपत्राबद्दलचे तेच ते प्रश्न सोसायटीच्या ग्रुपवर, चहाच्या टपरीवर आणि मतदानाच्या रांगेत फिरू लागतात. त्यातले जे सतत कानावर येतात ते इथे घेतले आहेत. काही निव्वळ कामाचे आहेत, काही वादाचे. वादात माझी बाजू आधीच सांगून टाकते. मतदाराला ओळख विचारावी, पण ती ओळख घरपोच आणि फुकट देण्याची जबाबदारी विचारणाऱ्याने घ्यावी. आणि कार्डावर आपण जितके भांडतो त्याच्या दुप्पट लक्ष मतदार यादीकडे द्यावे.

मतदानाला मतदार ओळखपत्रच लागते का?

ओळख पटवावीच लागते, पण त्यासाठी मतदार ओळखपत्रच हवे असे नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत निवडणूक आयोगाने त्याच्याऐवजी बारा कागदपत्रे चालतील असे सांगितले होते: आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेले बँकेचे किंवा पोस्टाचे पासबुक, मनरेगाचे जॉब कार्ड, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रे, सरकारी किंवा सार्वजनिक कंपनीतल्या नोकरीचे ओळखपत्र, दिव्यांगांचे यूडीआयडी कार्ड, कामगार मंत्रालयाच्या योजनेचे आरोग्य विमा कार्ड, राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे स्मार्ट कार्ड आणि आमदार-खासदारांची ओळखपत्रे.

जॉब कार्ड आणि पासबुक या यादीत आहेत, याचे मोल कमी समजू नका. ज्या बाईकडे पॅन नाही, गाडी नाही, पासपोर्टचा प्रश्नच नाही, तिच्या ट्रंकेत पासबुक बहुधा असते. यादी करणाऱ्याने तिचा विचार केला होता. अमेरिकेतल्या वादाकडे येऊ तेव्हा हा मुद्दा पुन्हा लागेल.

घरी येणारी मतदार चिठ्ठी मात्र ओळख म्हणून चालत नाही. पूर्वी फोटो असलेली चिठ्ठी चालायची, ती सोय २०१९ च्या लोकसभा निवडणुकीपासून बंद झाली. महापालिका, जिल्हा परिषद, नगरपालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि कागदपत्रांची यादीही तोच वेगळी जाहीर करतो. ती त्या वेळी पाहून घ्यावी.

कार्ड आहे, पण यादीत नाव नाही. मत देता येईल का?

नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६२ प्रमाणे यादीत नाव असेल त्यालाच मत देता येते. कार्ड म्हणजे ‘तो मीच’ एवढाच पुरावा. दरवेळी मतदानाच्या दिवशी काही माणसे कार्ड हातात घेऊन केंद्राबाहेर हताश उभी असतात, आणि त्यांना दुपारी तीन वाजता कोणी काहीही मदत करू शकत नाही.

उलट नाव यादीत असेल आणि कार्ड दुसऱ्या मतदारसंघातले, जुन्या पत्त्याचे असेल, तरी ते चालते.

केंद्रात ओळख नेमकी कशी तपासतात?

आत शिरल्यावर पहिल्या टेबलावरचा मतदान अधिकारी तुमचा कागद पाहतो आणि यादीतला अनुक्रमांक व नाव मोठ्याने वाचतो. मोठ्याने, कारण शेजारी बसलेल्या पोलिंग एजंटांनी, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींनी, ते ऐकायचे असते. प्रत्येकाच्या हातात यादीची प्रत असते आणि ते त्यावर खूण करत जातात. हे एजंट बहुतेक वेळा त्याच गावातले, त्याच वॉर्डातले असतात. ‘अहो, हे तर दोन वर्षांपूर्वी वारले’ असे सांगणारा माणूस तिथे बसलेला असावा, हाच त्या व्यवस्थेचा हेतू आहे. दुसऱ्या टेबलावर डाव्या तर्जनीला शाई लागते आणि नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतात. तिसरा अधिकारी दुसऱ्या टेबलावर मिळालेली चिठ्ठी घेऊन मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटवरून मतदान सुरू करून देतो.

एजंटाला एखाद्याच्या ओळखीबद्दल शंका आली, तर तो दोन रुपये भरून आक्षेप घेऊ शकतो. मग केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतो. आक्षेप खरा ठरला तर त्या माणसाला पोलिसांच्या ताब्यात देतात. उगाच घेतलेला ठरला तर दोन रुपये जप्त होतात. भारतीय न्याय संहितेत तोतया मतदाराला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

याखेरीज केंद्राध्यक्षाकडे गैरहजर, स्थलांतरित आणि मृत मतदारांची वेगळी यादी असते. त्या यादीतले कोणी मत द्यायला आले, तर त्याची कागदपत्रे जास्त बारकाईने पाहतात आणि सहीबरोबर अंगठ्याचा ठसाही घेतात. तुमचे नाव चुकून त्यात गेले असेल तर घाबरू नका. मत देता येते, पाच मिनिटे जास्त जातात इतकेच.

तेव्हा फोटो हा या सगळ्यातला एक भाग. शाई, एजंट, सही आणि गावातली ओळखदेख मिळून तपासणी पुरी होते.

माझ्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेले असेल तर?

केंद्रातून परत फिरू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. तुमची ओळख पटली की निवडणूक संचालन नियमांतल्या नियम ४९पी खाली ‘प्रदत्त मत’ मागता येते. केंद्रावर त्याला सर्रास टेंडर व्होट म्हणतात. ते यंत्रावर देता येत नाही. कागदी मतपत्रिका मिळते आणि ती वेगळ्या लिफाफ्यात ठेवतात.

ते मत नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. मग उपयोग काय? २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने हरले, तेव्हा अशाच प्रदत्त मतांचा मुद्दा न्यायालयात गेला आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. लिफाफ्यातली मते त्या दिवशी कोणी मागून घेतली होती, म्हणूनच पुढे त्यांच्यावर बोलता आले. शिवाय तोतयेगिरीची लेखी नोंद राहते. ‘जाऊ दे, एका मताने काय होते’ म्हणून घरी गेलात तर ती नोंदही राहत नाही.

कार्डावर माहेरचे नाव आहे, आधारवर सासरचे. अडवतील का?

स्पेलिंगची चूक, वडिलांच्या नावातली गफलत, वयातला थोडा फरक अशा कारणांवरून मतदाराला परत पाठवू नये, अशी आयोगाची सूचना आहे. ओळख पटली की झाले. कार्डावरचा फोटो जुळत नसेल तर दुसरे कागदपत्र मागतात. नाव पूर्णच बदलले असेल तर नमुना ८ भरून दुरुस्ती करून घ्यावी, आणि ती आजच करावी.

बायकांच्या नावाची ही कटकट आपल्या पहिल्या निवडणुकीइतकी जुनी आहे. १९५१-५२ च्या निवडणुकीच्या वेळी उत्तर भारतातल्या अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई अशीच नोंद झाली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली. निर्णयामागचे तत्त्व बरोबर होते: मतदार ही स्वतःच्या नावाची नागरिक असते. पण त्या २८ लाख जणींचे मत त्या खेपेला बुडाले, आणि कार्ड हा प्रकार तेव्हा अस्तित्वातही नव्हता.

मोबाइलमधले आधार किंवा डिजिलॉकर दाखवले तर?

त्यावर विसंबू नका. केंद्रात मोबाइल नेता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर मोबाइल आणि डिजिलॉकरला परवानगी मागणारी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. मूळ कार्ड खिशात ठेवा.

बुरखा किंवा घुंगट असेल तर?

महिला मतदान अधिकारी आडोशाला चेहरा पाहून ओळख पटवतात. सन्मान राखून हे करण्याच्या सूचना आहेत. पडद्यातल्या मतदार जिथे जास्त असतात, तिथे महिला अधिकारी नेमलेली असायला हवी. नसेल तर केंद्राध्यक्षाकडे मागणी करा.

ही फोटोची पद्धत आली कधी?

कल्पना जुनी आहे. १९६० मध्ये कलकत्ता नैऋत्य लोकसभा मतदारसंघातल्या पोटनिवडणुकीसाठी मतदारांचे फोटो काढायचा प्रयत्न झाला. पुष्कळ स्त्रियांनी फोटो काढून घ्यायला नकार दिला, बरेच लोक घरी सापडले नाहीत, आणि योजना गुंडाळावी लागली. १९७९ मध्ये सिक्कीममध्ये ओळखपत्रे वापरात आली.

देशभर हा विषय लावून धरला तो तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी. १९९३ मध्ये त्यांनी सगळ्या मतदारांना फोटो ओळखपत्र देण्याचा आदेश काढला आणि १ जानेवारी १९९५ नंतर ओळखपत्रे दिल्याशिवाय निवडणुका घेणार नाही, असे राज्यांना बजावले. राज्य सरकारे खर्चाचे रडगाणे गात होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि कार्डाअभावी निवडणूक अडवून धरता येणार नाही हे स्पष्ट झाले.

शेषन यांच्या दराऱ्याचे किस्से आजही रंगवून सांगतात, पण त्यांच्या भांडणातली एक गोष्ट मागे पडते. त्यांनी वेठीला धरले ते सरकारांना. कार्ड काढून देणे हे सरकारचे काम, ते सरकारने केले नाही तर अडचण सरकारची, अशी त्यांची मांडणी होती. कार्ड नाही म्हणून मतदाराला दारातून परत पाठवा, असे त्यात नव्हते. सरकारी माणसे कॅमेरे घेऊन शाळाशाळांत, चावडीवर बसली आणि लोकांचे फोटो काढले. ते फोटो भयंकर यायचे हे खरे, पण एक पैसा न घेता यायचे.

ओळख दाखवायला कोणाची काय हरकत असू शकते? अमेरिकेत एवढा गदारोळ का?

आपल्याकडे हा प्रश्न आश्चर्याने विचारला जातो, कारण सिम कार्डापासून लॉजच्या खोलीपर्यंत आपण रोज आधार काढतो. अमेरिकेत सगळ्यांना मिळणारे राष्ट्रीय ओळखपत्र नाही. वाहन परवाना हेच तिथले व्यवहारातले ओळखपत्र. गाडी न चालवणारे म्हातारे, गरीब, मोठ्या शहरांतले कृष्णवर्णीय आणि विद्यार्थी यांच्यापैकी अनेकांकडे तो नसतो. राज्य फुकट ओळखपत्र देते म्हटले तरी त्यासाठी जन्मदाखला लागतो, त्याला पैसे पडतात, आणि ऑफिस कधी कधी दूरच्या गावात असते.

इंडियानाने २००५ मध्ये फोटो ओळखपत्राचा कडक कायदा केला आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो सहा विरुद्ध तीन अशा मतांनी टिकवला. त्यानंतर अनेक राज्यांनी तोच रस्ता धरला. आज बहुतेक राज्यांत या ना त्या स्वरूपात ओळख विचारतात.

वाद चिघळला तो कोणते कार्ड चालेल यावरून. टेक्सासच्या २०११ च्या कायद्यात पिस्तूल बाळगण्याचा परवाना चालत होता आणि सरकारी विद्यापीठाचे विद्यार्थी ओळखपत्र चालत नव्हते. नॉर्थ कॅरोलायनाचा २०१३ चा कायदा २०१६ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केला, कारण त्याने कृष्णवर्णीय मतदारांना जवळजवळ शस्त्रक्रियेच्या अचूकपणाने वेचून काढले होते, असे न्यायालयाला आढळले. यादीत काय ठेवले आणि काय वगळले, यावरून करणाऱ्याची नियत कळते. आपल्या यादीतले जॉब कार्ड आठवा.

दोन्ही बाजूंना न आवडणारी माहितीही सांगायला हवी. जस्टिन लेविट या कायद्याच्या प्राध्यापकाने २००० ते २०१४ या काळातल्या शंभर कोटींहून अधिक मतांमध्ये केंद्रावर तोतयेगिरी झाल्याची विश्वासार्ह प्रकरणे शोधली. ती ३१ निघाली. म्हणजे ज्या रोगावर औषध म्हणून हा कायदा आणला, तो रोग तिथे नगण्य आहे. दुसरीकडे कँटोनी आणि पॉन्स या अर्थतज्ज्ञांनी २००८ ते २०१८ या दशकातल्या निवडणुका तपासल्या, आणि कडक कायद्यांमुळे मतदान लक्षणीय घटले असे त्यांना दिसले नाही. एकूण आकडा हलला नाही तरी ज्याला परत पाठवले त्याचे मत गेलेच, आणि माझ्या लेखी ते मत आकड्यात विरघळत नाही.

ब्रिटनमध्ये काय झाले?

उत्तर आयर्लंडमध्ये २००३ पासूनच फोटो लागतो, आणि ज्याच्याकडे काही नाही त्याला फुकट कार्ड मिळते. बाकी ब्रिटनमध्ये २०२२ च्या कायद्याने ही अट आली. मे २०२३ मध्ये इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकांत ती पहिल्यांदा लागू झाली, तेव्हा सुमारे १४,००० माणसे ओळखपत्राअभावी मत देऊ शकली नाहीत. केंद्रावर आलेल्यांच्या मानाने हे पाव टक्का. ज्येष्ठांचा बसपास चालतो आणि तरुणांचा प्रवासपास चालत नाही, यावरून तिथेही टीका झाली.

तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक कामाची गोष्ट: रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना ब्रिटनमध्ये मताचा हक्क आहे, म्हणजे भारतीय नागरिकालाही. नाव नोंदवलेले असेल तर केंद्रावर भारतीय पासपोर्ट ओळख म्हणून चालतो.

अमेरिकेत भारताचा दाखला देतात. तो बरोबर आहे का?

मार्च २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी काढलेल्या निवडणुकीविषयीच्या आदेशात, भारत आणि ब्राझील मतदारांची ओळख बायोमेट्रिक माहितीशी जोडत आहेत, असा उल्लेख आहे. भारतातल्या केंद्रावर बोटाचा ठसा यंत्रावर जुळवून मतदान होत नाही. आधार मतदार यादीशी जोडणे ऐच्छिक आहे, आणि जोडले नाही म्हणून नाव काढता येत नाही.

दाखला द्यायचाच असेल तर पुरता द्यावा. भारतात बीएलओ, म्हणजे मतदार यादीचे काम पाहणारा केंद्रस्तरीय अधिकारी, घरी येतो, पहिले कार्ड फुकट मिळते, आणि कार्ड नसेल तर डझनभर पर्याय चालतात. २०२४ च्या लोकसभेला ९६ कोटींहून जास्त मतदार आणि साडेदहा लाख केंद्रे होती. एवढा सगळा खर्च सरकार करते, मगच ओळख मागते.

फोटोमुळे बोगस मतदान थांबले का?

दुसऱ्याच्या नावावर मत टाकणे अवघड झाले. पण आज महाराष्ट्रात ज्या तक्रारी होतात, त्या बहुतेक दुबार नावांच्या. एका माणसाचे नाव दोन ठिकाणी असेल, तर दोन्हीकडे फोटो त्याचाच असतो आणि कार्डही खरेच असते. तिथे ओळखपत्र काय पकडणार? तिथे शाईच उपयोगाची.

म्हणूनच २०२५ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे छापायचे ठरवले. अशा मतदाराने कुठे मत देणार ते आधी सांगायचे, नाहीतर केंद्रावर हमीपत्र द्यायचे. उपाय तात्पुरता आहे, पण दिशा योग्य आहे: नाव परस्पर उडवले नाही, माणसाला विचारले.

दुबार नाव असलेला प्रत्येक जण चोर नसतो. भाड्याने राहणारा पुण्यातला मुलगा गावचे नाव काढायचे विसरतो. लग्न होऊन गेलेल्या मुलीचे नाव माहेरी तसेच राहते. कायद्याने दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, तेव्हा नमुना ७ किंवा ८ भरून ते काढून घ्यावे. आणि दोन वेगळ्या माणसांच्या कार्डावर एकच क्रमांक दिसला म्हणून लगेच घोटाळा म्हणू नका. पूर्वी राज्ये आपापल्या पद्धतीने क्रमांक देत, त्यातून ही गफलत झाल्याचे आयोगाने मार्च २०२५ मध्ये मान्य केले.

बिहारमध्ये काय घडले, आणि त्याचा आपल्याशी काय संबंध?

जून २०२५ मध्ये आयोगाने बिहारमध्ये यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे मतदारांची नव्याने पडताळणी, जाहीर केले. त्यासाठी ठरवलेल्या ११ कागदपत्रांत आधार, रेशन कार्ड आणि खुद्द मतदार ओळखपत्र नव्हते. आयोगानेच दिलेले कार्ड आयोगालाच पुरेना! १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे कमी झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती नावे कारणांसह प्रसिद्ध करायला लावली, आणि सप्टेंबरमध्ये आधार हे बारावे कागदपत्र म्हणून घ्यायला सांगितले. नागरिकत्वाचा पुरावा म्हणून नव्हे, ओळखीचा पुरावा म्हणून. यादीत मृत ठरवलेल्या दोन जिवंत मतदारांना सुनावणीच्या वेळी न्यायालयात उभे केले गेले होते.

मृतांची आणि स्थलांतरितांची नावे काढायलाच हवीत, यात वाद नाही. पण केंद्रावर ओळख पटली नाही तर माणसाला त्याच क्षणी कळते आणि तो भांडू शकतो. यादीतून नाव गेले तर महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. म्हणून नाव काढण्यापूर्वी नोटीस, कारण आणि दाद मागायला वेळ, या तीन गोष्टींवर तडजोड होता कामा नये.

ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या पुढच्या टप्प्यात गोवा होता. गोव्यात त्यात एक वेगळा पदर आहे. पोर्तुगीज नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व उरत नाही आणि इथल्या यादीत नाव ठेवता येत नाही. खिशात जुने मतदार कार्ड असले तरी नाही.

ज्याच्याकडे घरच नाही, कागदच नाहीत, त्याने काय करायचे?

बेघर माणसाला पत्त्याचा कागद लागत नाही. नाव नोंदणीच्या नमुना ६ मध्ये तो जिथे झोपतो ती जागा लिहायची. मग बीएलओने रात्री तिथे जाऊन तो खरोखर तिथे झोपतो का ते पाहायचे, तेही एकाहून अधिक रात्री. आपल्या निवडणूक व्यवस्थेतला हा नियम मला सगळ्यात जास्त आवडतो.

व्यवहारात पारधी वस्त्यांवर, कातकरी वाड्यांवर अजूनही नावे राहून जातात. ऊसतोड मजुरांकडे कार्ड असते, पण हंगामात मतदान आले तर माणूस कोल्हापूर-सांगलीच्या फडात आणि नाव बीडच्या गावात, अशी गत होते. कार्डाने तो प्रश्न सुटत नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी अशा वस्तीवर जाऊन फॉर्म भरून द्यावेत.

परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनी?

नमुना ६अ भरून पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावर नाव नोंदवता येते. मत द्यायला मात्र स्वतः यावे लागते, आणि ओळख म्हणून फक्त मूळ पासपोर्ट चालतो.

नाव कधी आणि कुठे तपासायचे?

आता. आयोगाच्या मतदार पोर्टलवर, आयोगाच्या मोबाइल अ‍ॅपवर, किंवा १९५० या क्रमांकावर फोन करून. विधानसभा-लोकसभेला उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरते नवे नाव घालता येत नाही, म्हणून फॉर्म त्याच्या बराच आधी गेला पाहिजे. स्थानिक निवडणुकांना तर एक ठरावीक तारखेची विधानसभेची यादी वापरतात. २०२५ मध्ये ती १ जुलैची होती, आणि नंतर नोंद झालेल्यांना थांबावे लागले. अठरा पूर्ण होणाऱ्यांसाठी आता वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. स्वतःचे नाव पाहिले की घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे आणि नुकत्याच सासरी आलेल्या सुनेचेही त्याच बैठकीत पाहून घ्या. सगळ्यात जास्त गळती या दोघांच्या नावांत होते.